नांगर निघेना

रविवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! आणि अशा ठिकाणी पोचलो की कप्तानसाहेबांचे या आठवड्यातले सगळे गुन्हे माफ.

कप्तान म्हणजे आमचे हे. उभा जन्म पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात काढला, निवृत्त झाल्या झाल्या ही जुनी शिडाची बोट घेतली आणि स्वतःच स्वतःला बढती देऊन टाकली. मी दातांचा दवाखाना विकला आणि खलाशी झाले. खलाशी, स्वयंपाकी आणि ओरडून घ्यायला हक्काचं माणूस.

पण काय ही खाडी! घोड्याच्या नालेसारखी वळलेली, तिन्ही बाजूंनी हिरव्यागार टेकड्या, काठाला वाकलेले माड, आणि वाळू अशी की कुणीतरी रवा चाळून पसरून ठेवलाय. पाणी इतकं नितळ, की नांगर तळाला टेकला तेव्हा वाळूचा छोटासा ढग उठलेला डेकवरून दिसला. नांगर टाकताना नेहमीचं भांडण झालं. मी म्हणे डावीकडे म्हटलं की उजवीकडे बघते. अख्ख्या खाडीने ऐकलं असणार. मग चहात साखर कमी म्हणून परत एकदा ऐकवून झालं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

इथे फक्त दोन रात्री. पाणी भरायचं, भाजीपाला घ्यायचा आणि पुढच्या मोठ्या बंदराला जायचं. तिथून विमानाने लेकीकडे. तिचं पहिलंच बाळंतपण. "आई, तू पोचल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही," असं बजावलंय तिने, जसं काही ते तिच्या हातात आहे.

खाडीत आणखी सात-आठ बोटी आहेत. शेजारच्या निळ्या बोटीवरच्या बाई वल्हवत येऊन पपई देऊन गेल्या. केस ओले, चेहरा हसरा. त्याही म्हणे दोन दिवसांसाठीच थांबल्या होत्या. कधी आलात विचारलं तर म्हणाल्या, इथे कोण मोजतंय. त्यांच्या नांगराच्या साखळीवर दंडाएवढं जाड शेवाळ चढलंय. त्या वळल्यावर कप्तानांनी शेरा मारलाच, की आळशी लोक आहेत, चांगल्या बोटीचं वाटोळं केलंय.

सोमवार

गावात जाऊन आले. गाव म्हणजे धक्का, एक रस्ता, बंदराचं कार्यालय आणि एक दुकान. दुकानवाली पन्नाशीची, कोरडी, कमी बोलणारी. फडताळं भरलेली, पण डब्यांवर धूळ. मी इतके कांदे-बटाटे घेतले तर ती म्हणाली, बोटवाले सुरुवातीला असेच भरपूर घेतात, मग यायचे बंद होतात. मी म्हटलं, मासे पकडून खात असतील. सुट्टे पैसे देताना तिने विचारलं, पाण्यात उतरता का? मी म्हटलं, मला पोहणं जेमतेम येतं, हे उतरतात. "हं," एवढंच म्हणाली.

उद्या पहाटे निघायचं.

मंगळवार

निघालो नाही. नांगर निघेना.

साखळी ओढायचं यंत्र घरघरलं, साखळी ताठ झाली, बोटीचं नाक खाली वाकलं, आणि बस्स. पुढे नेली, मागे नेली, गोल फिरवली. कप्तानांचा पारा चढला. बोट बनवणाऱ्यापासून समुद्रापर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला, त्यात मीही आले. शेवटी काचेचा मुखवटा लावून स्वतः उतरले. धापा टाकत वर आले. खडकाखाली अडकला असणार म्हणाले, ओढाताणीने वाळू उठलीय, तळ दिसत नाही. इतक्या खोल त्यांचा दम पुरत नाही.

दुपारी बंदराच्या कार्यालयात गेलो. अधिकारी पंख्याखाली डोळे मिटून बसलेला. बेटावर एक पाणबुड्या आहे, तो हे काम करतो, उद्या या, म्हणाला. अहो, उद्या कशाला, आत्ता बोलवा. तर म्हणे, घाई काय आहे?

घाई काय आहे! माझी लेक अवघडलेली तिकडे बसलीये आणि हा मला विचारतोय घाई काय आहे.

बुधवार

आज पुन्हा. पाणबुड्या कुठाय? खाली आहे. खाली कुठे? पाण्यात. मग वर कधी येणार?

"येईल की."

मी कपाळाला हात लावला. भिंतीशी बोललं तर ती निदान तोंडावर हसत तरी नाही. इकडे लेकीचा फोन. रक्तदाब वाढलाय, डॉक्टर म्हणतायत आठवडाभरही थांबता येणार नाही. मी तिला सांगितलं, निघालोच आम्ही. खोटं बोलले.

मी कप्तानांना म्हटलं, खड्ड्यात गेला नांगर. साखळीचं आतलं टोक बोटीच्या पुढच्या कोठडीत दोराने बांधलेलं आहे. दोर कापा, साखळी जाऊ दे समुद्रात. दुसरा नांगर आहे ना आपल्याकडे? तर केवढा अपमान झाला त्यांचा! नांगर टाकून पळणारा कप्तान मी नाही, म्हणे. मीच सोडवीन. दिवसभर उतरले, वर आले, उतरले. डोळे लाल. माझ्याशी बोलणं बंद.

निळ्या बोटीवरची बाई आणि तिचा नवरा पाण्यात पाठीवर तरंगत आमच्याकडे बघत होते. तासन्‌तास. हसत.

गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. विचित्र म्हणजे, चांगलीच म्हणायची.

जेवणाआधी ते परत उतरले. मी चहा टाकला. चहा झाला, निवला, मी माझा प्यायले, त्यांचाही प्यायले, तरी पत्ता नाही. डेकवर धावले, हाका मारल्या, निळ्या बोटीवाल्यांना ओरडून सांगितलं. ते तरंगत राहिले. आणि मागे वळून बघते तर कप्तान शिडीवर बसलेले. पाय पाण्यात. हसतायत.

मी इतकी भडकले की रडायलाच लागले. म्हटलं, जीव घ्याल माझा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. वहीत लिहून ठेवते, साक्षीला असू दे.

एक मात्र खरं, त्यांना धाप लागली नव्हती. एवढा वेळ खाली राहून श्वास अगदी संथ.

आमटीत मीठ घालायचं मी विसरले होते. हे पटापट जेवले, छान झालीय म्हणाले. नांगराचं काय विचारलं तर म्हणाले, बघू उद्या. दोर कापायचा? कापू, उद्या. मी म्हटलं, मग आज का नाही? तर म्हणाले, घाई काय आहे?

शुक्रवार

माझं डोकं फिरायची वेळ आलीय. भांडायचं तरी कुणाशी?

सकाळी उठून मी म्हटलं, चला, कापू दोर. हो म्हणाले आणि बसून राहिले. विळी, सुरी, करवत, सगळं जागेवरून गायब. कुठे ठेवलंत? ठेवलं असेल कुठेतरी. मी आदळआपट केली, माहेरचं-सासरचं उकरून काढलं, त्यांच्या आईबद्दल बोलले, जे मी कधी बोलत नाही. एरवी ह्यांनी बोट पेटवून दिली असती. हे हसरे. केसांतून पाणी टपकतंय. सकाळपासून पाण्यात पाय घातला नव्हता, तरी टपकतंय. उशी ओली, खुर्ची ओली.

तणतणत गावात गेले. सुरी घ्यायला. दुकानात जाऊन मी जी तोंड सोडून बोलत सुटले, अधिकाऱ्याला, पाणबुड्याला, नवऱ्याला; माझा दवाखाना, लेकीचं बाळंतपण, सगळं सांगून टाकलं. दुकानवालीने सगळं ऐकलं, अर्धं शटर ओढून घेतलं आणि एकच विचारलं. ते अजून चिडतात का?

म्हटलं नाही, कालपासून नाही.

ती पोत्यावर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "ओरडत होते तोवर तुमचे होते."

तीही बोटीनेच आलेली. नवऱ्याबरोबर. त्यांचाही नांगर असाच अडकला, तोही असाच बुडी मारून आला, गोड होऊन. ती त्या दिवसापासून पाण्यात पाऊल टाकत नाही, धक्क्याच्या ओल्या पायरीवरही नाही. मी विचारलं, मग बोट सोडवून का गेला नाहीत? ती म्हणाली, दोर कापायला घेतला होता. त्याआधी एकदा खाली बघितलं. नाही कापवला. बोट पुढे वादळात फुटून गेली.

काय बघितलं ते सांगेना. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही बघू नका. कापा आणि जा. तुम्हाला लेक आहे.

मला पटलं नाही. एकटी राहून बाई भ्रमिष्ट झालीय, असंच वाटलं. सुरी घेऊन परत आले.

शुक्रवार, नंतर

परत आल्यावर त्यांना मुद्दाम विनोद सांगितला. आमचा जुना, दवाखान्यातला. ते तोंड उघडून हसले.

खालची उजवी शेवटची दाढ. ती मी काढली होती. माझ्या हातांनी, माझ्या खुर्चीत, आणि हा माणूस असा ओरडला होता की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. तिथे खड्डा आहे. मी रोज बघते तो खड्डा.

आज तिथे दाढ आहे. पांढरी, स्वच्छ. बत्तीसच्या बत्तीस आहेत. एकही किडलेला नाही, एकही झिजलेला नाही. अशी बत्तिशी मी आयुष्यात जिवंत माणसाच्या तोंडात पाहिली नाही.

मी केबिनमध्ये कडी लावून बसलेय. बाहेर ते शीळ वाजवतायत. ह्यांना शीळ वाजवता येत नाही.

शनिवार, दुपार

बघितलं.

लगेच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल.

ऊन डोक्यावर होतं. पाणी काचेसारखं. दुसरा मुखवटा लावून शिडीवर पालथी झाले आणि फक्त तोंड पाण्यात घातलं.

साखळी सरळ खाली गेलेली. खडक नाही. तिथे खडक नाहीच. नांगर वाळूत मोकळा पडलाय.

साखळी हे धरून उभे आहेत. माझे. त्याच खाकी अर्ध्या चड्डीत, तोंडावर मुखवटा. दोन्ही हातांनी साखळी आवळलेली आणि पाय वाळूत, वाळूत आतपर्यंत, पोटऱ्या दिसत नाहीत. जिवंत. डोळे उघडे. मला बघितलं त्यांनी.

आणि चिडले. इतके चिडले! साखळी गदागदा हलवली. तोंड उघडून ओरडत होते, बुडबुडाही येत नव्हता, पण मला ओठांवरून कळतं, जन्मभर तेच तर ऐकलंय. "अगं ओढ ना! काय बघत बसलीस!"

मंगळवारपासून खालून साखळीचा आवाज यायचा, तळाला घासतेय असं वाटत होतं. ती घासत नव्हती. आधी दुसरं कुणीतरी धरून होतं. गुरुवारपासून हे.

निळ्या बोटीच्या साखळीला दोघं आहेत. ती बाई, आणि तिच्याखाली तिचा नवरा. केस शेवाळासारखे. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. प्रत्येक बोटीखाली कुणी ना कुणी. लांबवर एक एकटीच साखळी, वर बोट नाही, तिलाही एक माणूस. दुकानवालीचा असेल.

मी वर तोंड काढलं. डेकवर ते, वरचे, चहा करत होते. साखर बरोबर घातली का, विचारलं.

शनिवार, नंतर

यंत्र सुरू केलं. साखळी ताणली. हलली! खरंच हलली, एक कडी वर आली, आणि खालून धडधड ऐकू आली, ते धक्के देत होते, ओढ, ओढ — मी ओरडले, धरून ठेवा, सोडू नका —

मग सगळ्या बोटींवरून ते हसरे लोक पाण्यात उतरले. उड्या नाही मारल्या. पायऱ्या उतरावं तसे. अधिकारीसुद्धा, धक्क्यावरून, गणवेशात. साखळी परत खाली गेली. सहज. मुलाने पदर ओढावा तशी.

आमच्या बोटीवरच्याने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. गार. बटण बंद केलं. म्हणाला, "दमशील."

मी त्याला मारलं. थापडा मारल्या, बुक्क्या मारल्या. राग नाही. काहीच नाही. ओल्या उशीला मारावं तसं —

शनिवार, अजून

फोन वाजला. त्याने घेतला. मी ऐकते आहे, तो लेकीशी बोलतोय. मऊ आवाज. बाळ झालं की इकडे या, म्हणतोय. सगळेच या. पाणी छान आहे.

हिसकावून घेतला. तिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेतायत. आणि हसत म्हणते, आई, बाबा किती गोड बोलतायत आज, काय केलंस तू त्यांना?

मी एवढंच म्हटलं, इकडे येऊ नका. काही झालं तरी. मी बोलावलं तरी. ती म्हणाली, काय आई, असं काय — आणि मग तिला कळ आली, फोन जावयाने घेतला, मग कट.

सुरी माझ्याजवळ आहे. कोठडी उघडलीये. दोर समोर आहे. जुना आहे, दोन घाव घातले तरी तुटेल. तुटला की बोट मोकळी, वारा आहे, शीड मला लावता येतं. त्यांनीच शिकवलंय. ओरडून ओरडून.

तो शिडीवर बसलाय. अडवत नाही. बघतोय. कापला तरी त्याला चालणार आहे. तो बरोबर येईल. लेकीच्या घरी येईल. बाळाला मांडीवर घेईल.

हे ध्यानात आल्यापासून मी दोराला हात लावलेला नाही.

आणि खालून ठोके. थांबून थांबून. वैतागलेले ठोके. मला माहीत आहेत ते. बाथरूममध्ये टॉवेल विसरले की दार असंच वाजवतात.

रविवार

रात्रभरात कमी झाले ठोके. दमलेत. का राग ओसरतोय? राग ओसरला तर —

निळ्या बोटीच्या साखळीवरचे दोघं वर बघत नव्हते.

नाही. लेकीजवळ जावई आहे. ह्यांच्याजवळ कोण आहे?

कमरेला दोर बांधलाय, दुसरं टोक डोलकाठीला, यंत्रावरून घेतलंय. यंत्र चालू ठेवून उतरणार. ह्यांना काखेत धरायचं, पाय मोकळे करायचे. वाळूच तर आहे. हाताने उकरेन. पोहणं जेमतेम येतं, पण खाली जायला पोहावं कशाला लागतं?

तो बाजूला सरकलाय. शिडीवर जागा करून देतोय —

घाबरलेय. पण त्याहून जास्त चिडलेय. चिडलेय तोवर मी मीच आहे. वर आल्यावर लिहि

बुधवार असेल

वही टेबलावर उघडीच होती, म्हणून दोन ओळी लिहिते आहे.

हवा सुंदर आहे. आम्ही दोघं मजेत. उगाच केवढा त्रागा करत होते मी. लेकीचा फोन आला होता, मुलगी झाली. ती रडत होती, आई तू आली नाहीस म्हणून. मी तिला म्हटलं, तुझं बरोबर आहे. मग तूच ये. ती म्हणाली, तूच "येऊ नका" म्हणाली होतीस. मी म्हटलं, तेव्हा मी दमले होते गं.

येतायत. जावई बोट ठरवतोय.

खालून कुणीतरी साखळी वाजवतं. दोघं आहेत आता. भांडतात बहुतेक. सवय होते.

बाळाला पाणी आवडेल. उथळात, पायऱ्यांपाशी, आधी नुसते पाय बुडवायचे. नांगर कुठे टाकायचा ते मी त्यांना हात करून दाखवणार आहे, आमच्या शेजारीच जागा आहे, आणि इथे नांगर पटकन धरतो, एकदा धरला की मग —